को आ-माच्या काळजाभोवतीचं पाणी

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. खोटं वाटत असेल तर तिंग पी-युनला विचारा. म्हणजे विचारू नकाच, ती अर्धा तास सोडणार नाही.

पी-युन याच किनाऱ्यावरची. बाप शिंपल्यांची तळी राखायचा, आई बाजारात शिंपले विकायची, आणि गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी हिला तळ्याकाठी शेंबूड पुसताना पाहिलेली. त्यामुळे वयाच्या बावन्नाव्या वर्षी, तीस वर्षं नर्सची नोकरी करून, वरची परीक्षा देऊन, डॉक्टरच्या देखरेखीखाली रोगी तपासायचा परवाना भिंतीवर टांगूनसुद्धा गावाच्या लेखी ती "शिंपलेवाल्या तिंगची धाकटी"च राहिली. तैपेईहून वर्षभरासाठी पाठवलेला कालचा पोरगा डॉक्टर म्हणून "झोपा" म्हणाला की लोक निमूट झोपायचे. पी-युन "झोपा" म्हणाली की विचारायचे, "तुझी आई बरी आहे ना गं?"

हॉस्पिटल चार मजली, इमर्जन्सीत नऊ खाटा, आणि नऊपैकी सातांवर ऐंशीच्या पुढची माणसं. तरणीताठी पोरं तैचुंगला नाहीतर तैपेईला. मागे उरले म्हातारे, लसूण आणि शिंपले.

म्हातारं माणूस आपलं दुखणं सरळ सांगत नाही. तरण्या माणसाच्या हृदयाला काही झालं की तो छाती धरून आडवा पडतो, सगळ्यांना कळतं. म्हातारं माणूस म्हणतं, जेवण जात नाही. म्हणतं, पाय जड झालेत. म्हणतं, काही नाही गं, वय झालं. छातीचा फोटो काढला तर हृदय मोठं दिसतं, ते सगळ्याच म्हाताऱ्यांचं दिसतं. रक्त तपासलं तर चार आकडे चुकलेले, तेही सगळ्यांचेच. मग डॉक्टर केसपेपरवर लिहितो, "वृद्धापकाळ, अशक्तपणा." ते वाचलं की पी-युनच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"वृद्धापकाळ हा काय रोग आहे?" ती ओरडायची. "मग 'जन्म झाला होता' असंही लिहा की. सगळं तिथूनच सुरू झालं!"

आत बघता आलं असतं तर प्रश्नच नव्हता. हृदयाच्या सोनोग्राफीचं मोठं मशीन हॉस्पिटलात होतं, पण ते दुसऱ्या मजल्यावर कुलपात, आणि किल्ली हृदयाच्या डॉक्टरकडे. ते यायचे मंगळवारी आणि शुक्रवारी. म्हणजे गावातल्या म्हाताऱ्यांनी आपापली हृदयं मंगळवारी नाहीतर शुक्रवारी बिघडवावीत, असा एकूण हिशेब. पी-युनने तीन वर्षं अर्ज केले, तिन्ही वर्षं "विचाराधीन" असा शेरा आला. शेवटी वैतागून तिने पदरमोड करून साबणाच्या वडीएवढी सोनोग्राफीची डबी घेतली, मोबाइलला जोडायची. आठ शनिवार तैचुंगला जाऊन वर्ग केला. वर्गात सगळ्यांत म्हातारी तीच.

सराव केला नवऱ्यावर. योंग-छांगचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान. संध्याकाळी तो ग्रीसचे हात धुऊन आला की ही त्याला चटईवर आडवा करायची, छातीला गार जेल फासायची.

"काय दिसतं?" तो बिचारा विचारायचा.

"हृदय शाबूत आहे. अक्कल शोधतेय, सापडत नाही."

मग बाजारातल्या बायका, शेजारीपाजारी, मच्छीवाला. "पी-युन, बघ गं, मुलगा आहे की मुलगी?" म्हणून खिदळत सगळे पोट पुढे करायचे. दोन वर्षांत तिचा हात असा बसला की एका मिनिटात सांगायची, हृदय नीट आवळतंय की नुसतं थरथरतंय, झडप अडकलीय का, आत पाणी साचलंय का. पण सांगून उपयोग काय? रिपोर्टच्या कागदावर शिक्का लागतो हृदयाच्या डॉक्टरचा. पी-युनने पाहिलेलं कागदावर उमटतच नव्हतं. तिची नजर खासगी.

त्या मार्चमधल्या शनिवारी दुपारी ती दुसऱ्या रोग्याला घेऊन डोक्याचा सीटी करायला गेली होती. अर्ध्या तासाने परत आली तर पाच नंबरच्या खाटेवर एक आ-मा, म्हणजे आजीबाई, डोळे मिटलेले, ओठ निळसर, आणि दाराशी खासगी पांढरी ॲम्ब्युलन्स उलटी लावून उभी. ड्रायव्हर सिगारेट ओढत होता. ही पांढरी गाडी अशी उलटी लागली की काय समजायचं ते इमर्जन्सीत सगळ्यांना कळतं. माणसाला घरी नेतायत, शेवटचा श्वास घरात सोडायला.

मनगटाच्या पट्टीवर नाव होतं को बोंग-छी, वय शहाऐंशी. बोंग-छी म्हणजे "असू दे, वाढवा". म्हणजे नकुशीच. त्या वयाच्या दर दहा बायकांत एकीचं तरी नाव असलं असतंच.

"काय झालं हिला?" पी-युनने विचारलं.

डॉक्टर फान कॉम्प्युटरसमोर बसला होता. एकोणतीस वर्षांचा, हुशार, सभ्य आणि भित्रा. "जुनं कमजोर हृदय आहे. दोन आठवडे जेवण नाही, आज उठवेना. धाप होती, फोटोत हृदय मोठं. लघवीचं इंजेक्शन दिलं, पण बीपी आणखीच घसरलं. आता चौऱ्याहत्तर. मुलाला सांगितलं मी, फार तर काही तास. घरी न्यायचं म्हणतायत. फॉर्मवर सही झाली."

"लघवीचं इंजेक्शन दिल्यावर घसरलं?"

"हो."

पी-युन खाटेशी गेली. आ-माच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या टरारून फुगल्या होत्या. बीपी चौऱ्याहत्तर आणि शिरा फुगलेल्या! ज्याच्या अंगात रक्तच कमी पडलंय त्याच्या शिरा बसतात, फुगत नाहीत. तिने छातीला स्टेथोस्कोप लावला. फुप्फुसं कोरडी. हृदयाचे ठोके भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसे दबके.

तिने खिशातून डबी काढली, जेल फासलं आणि बरगड्यांखाली टेकवली.

मोबाइलच्या पडद्यावर हृदय दिसलं आणि त्याच्या चहूबाजूंनी काळं कडं. पाणी. हृदयाभोवतीच्या पिशवीत इतकं पाणी साचलेलं की हृदय बादलीत टाकलेल्या शिंपल्यासारखं त्यात हेलकावत होतं, आणि दर ठोक्याला त्याची उजवी बाजू आत दबत होती. हृदय कमजोर नव्हतंच. चांगलं जोरात आवळत होतं बिचारं, पण फुगायलाच जागा नाही, तर रक्त येणार कुठून? आणि वरून लघवीचं इंजेक्शन देऊन होतं नव्हतं तेही काढून घेतलेलं.

"डॉक्टर फान!" ती इतक्या जोरात ओरडली की चार नंबरचे आ-गोंग, म्हणजे आजोबा, दचकून उठून बसले. "इकडे या. आत्ता."

तो आला, वाकून पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला कळलं. तेवढा हुशार होताच तो.

"सुई घालून पाणी काढायचं," पी-युन म्हणाली. "पन्नास मिली निघालं तरी ही बाई डोळे उघडेल. तोवर सलाइन जोरात सोडते."

"सलाइन सोडा. पण सुई... ताई, या छोट्या डबीवर विसंबून हृदयाजवळ सुई कशी घालू? मोठ्या मशीनचा रिपोर्ट नाही."

"मोठं मशीन कुलपात आहे!"

"मग हृदयाच्या डॉक्टरांना फोन करतो."

केला. ते लग्नाच्या जेवणात होते. मागे पंगतीचा गलका, कुणीतरी गाणं म्हणत होतं. ते म्हणाले, तौलियूच्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवा, आणि फोन ठेवला. तौलियू पन्नास मिनिटांवर. आ-माकडे पन्नास मिनिटं कुठून आणायची? बीपी अडुसष्ट झालं होतं.

"मी आयुष्यात दोनदाच केलंय हे," फान खालच्या आवाजात म्हणाला. "दुसऱ्या वेळी रोगी गेला. घरच्यांनी तक्रार केली. आठ महिने चौकशी चालली माझी."

दुधाने पोळलेला. पी-युनला त्याची कीव आली आणि रागही आला, एकाच वेळी, आणि कुठला आधी दाखवायचा ते कळेना.

"तुम्ही सुई धरा, मी डबी धरते," ती म्हणाली. "सुई कुठं जातेय ते मी दर क्षणाला सांगेन. चुकलं तर माझं नाव लिहा."

"घरच्यांची संमती हवी. त्यांनी तर घरी न्यायच्या फॉर्मवर सही केलीय."

झालं! म्हणजे आता मुलाकडे जा.

मोठा मुलगा चिंग-शुई बाहेर फोनवर बोलत होता. एकसष्टीचा, रुंद खांद्यांचा, गालात सुपारी, मंदिराच्या समितीचा सभासद. घरी पुतण्यांना सूचना चालल्या होत्या. "देवांच्या दालनातलं सगळं सामान बाहेर काढा. फळ्यांची खाट उजवीकडे. देवांवर लाल कागद लावला का? अरे, मग लाव ना! पितरांच्या पाट्यांवरही. काका कुठंयत? त्यांना म्हणावं, अर्ध्या तासात पोचतो."

"चिंग-शुईदादा," पी-युन म्हणाली, "आ-मा मरत नाहीयेत. म्हणजे मरतायत, पण मरायचं कारण नाही. हृदयाभोवती पाणी भरलंय. सुईने काढलं की उठून बसतील."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "तू शिंपलेवाल्या तिंगची ना?"

पी-युनने डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजले. चारपर्यंत पोचली. "हो! तिंगचीच! त्याने काय फरक पडतो?"

"डॉक्टर म्हणाला काही तास. तू म्हणतेस उठून बसेल. कुणाचं ऐकू?"

"मशीनचं ऐका. हे बघा." तिने मोबाइल पुढे केला.

चिंग-शुईने त्या काळ्या-करड्या धुरकट चित्राकडे पाहिलं. त्याला त्यात काय कळणार? त्याला ते पावसात बंद पडलेल्या टीव्हीसारखं दिसलं असेल.

"आणि सुई टोचताना गेली तर?"

"शक्यता आहे. थोडी. पण काहीच केलं नाही तर नक्की जातील."

"नक्की गेली तर घरात जाईल," तो म्हणाला. "आणि इथं सुईखाली गेली तर बाहेर जाईल. बाहेर मेलेलं माणूस दारातनं आत येत नाही, तुला माहितीये. तू इथलीच आहेस."

माहीत होतं. तीस वर्षांत तिने स्वतः कित्येक आ-मा आणि आ-गोंगना श्वासाची पिशवी दाबत दाबत घरी पोचवलं होतं. त्या गाडीत बसून तिच्या मनात शंभरदा आलं होतं, हा माणूस खरंच मरायला आला होता का, की घरात मरायची वेळ चुकू नये म्हणून घाईने नेतायत? कुणी उघडून बघायचंच नाही, तर कळणार कसं! शेवटच्या श्वासाची एवढी काळजी, की त्याच्या आधीचे हजार श्वास खुशाल सोडून द्यायचे.

"बाबा तैनानच्या हॉस्पिटलात गेले," चिंग-शुईने सुपारी गालाच्या दुसऱ्या बाजूला सरकवली. आवाज एकदम उतरला होता. "एक्क्याण्णव सालची गोष्ट. मीच नेलं होतं, ऑपरेशन करू म्हणून. सगळे म्हणाले, नको नेऊ. मी ऐकलं नाही. तिथंच गेले. आत आणू दिलं नाही कुणी. गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड घातली, त्यात सात दिवस. पाऊस होता. आई त्यानंतर वर्षभर माझ्याशी बोलली नाही. एक शब्द नाही. भाताचं भांडं पुढं ठेवायची आणि निघून जायची. आता तिचंही तसंच करू? दुसऱ्यांदा?"

इतका वेळ पी-युन ज्याच्याशी भांडत होती तो मूर्ख माणूस नव्हता, तेहतीस वर्षं जळत असलेला माणूस होता. त्यानं तर ती आणखीच चिडली. मूर्खाला निदान शिव्या तरी घालता येतात.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. धाकटी बहीण, ली-ह्वा, तैपेईहून. व्हिडिओवर. त्याने आत खाटेशी जाऊन फोन धरला, तिने आईचा चेहरा पाहिला आणि रडत ओरडायलाच लागली. "दादा, तू सही केलीसच कशी? सगळं करायचं! नळी घाला, हेलिकॉप्टर बोलवा, तैपेईला आणा!"

"तिथं बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस! वर्षात दोनदा येतेस, आणि मला शिकवतेस?"

"आणि तू रोज जवळ असून दोन आठवडे जेवत नाही हे तुला दिसलं नाही?"

"ती म्हणाली, काही नाही, वय झालं!"

आ-माच्या खाटेच्या दोन बाजूंना दोन भांडणं. इकडे भाऊ-बहीण, तिकडे फान तौलियूच्या कुणाशी तरी फोनवर "हो, पण घरचे, हो, पण घरचे" करत होता. मधे आ-मा, डोळे मिटून. बीपी चौसष्ट. दारातला ड्रायव्हर हॉर्न द्यायला लागला.

पी-युनचं डोकं फिरलं. तिने चिंग-शुईचा फोन हातातून काढून घेतला, ली-ह्वाला "पाच मिनिटं थांब" म्हणून बंद केला आणि त्याच्या खिशात कोंबला.

"ऐका दादा. सुई टोचताना काही झालं, ठोके थांबले, तर मी स्वतः पिशवी दाबत दाबत आ-मांना तुमच्या दालनात, त्या फळ्यांवर नेऊन ठेवीन. दारातनं आत जाईपर्यंत श्वास चालू आहे. काका असो, भटजी असो, मंदिराची समिती असो, जो विचारेल त्याला मी तोंडावर सांगेन, श्वास चालू होता, घरात थांबला. तीस वर्षं मी या गावात खोटं बोललेली नाही. माझ्या जिभेला सगळे घाबरतात ते त्यासाठीच. ते सगळं मी आज घालवीन. आ-मा पत्र्याखाली जाणार नाहीत. शब्द देते."

चिंग-शुईच्या ओठाच्या कोपऱ्यातून सुपारीचा लाल ओघळ आला तो त्याने मनगटाने पुसला.

"तिंगची ना तू," तो म्हणाला. "बाप तुझा खोटं बोलायचा नाही."

"म्हणून तर आयुष्यभर गरीब राहिला. सही करा."

त्याने सही केली.

फानने सुई हातात घेतली. पी-युनने डबी बरगड्यांखाली टेकवली, मोबाइल आ-माच्या उशाशी उभा केला, आणि नजर पडद्यावरून हलवली नाही. "हलू नका, आ-मा," एवढं म्हणाली. मग फानला, "अजून आत. डावीकडे. सुईचं टोक दिसतंय मला. आणखी थोडं. थांबा! खेचा."

सिरिंजमध्ये चहाच्या रंगाचं पाणी आलं.

फानने तोंडाने श्वास सोडला, तो सगळ्या खोलीला ऐकू गेला. पन्नास मिली. बीपी ब्याऐंशी. शंभर मिली. ब्याण्णव. पडद्यावरचं काळं कडं डोळ्यांदेखत बारीक होत गेलं आणि हृदयाची उजवी बाजू प्रथमच पूर्ण फुगली. पी-युनच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने खांद्याला पुसलं, कारण दोन्ही हात गुंतलेले. दोनशे ऐंशी मिली निघालं तेव्हा बीपी एकशे चार होतं. आ-माचे ओठ गुलाबी झाले. तिने डोळे उघडले, छताकडे बघितलं आणि परत मिटले.

चिंग-शुई भिंतीला टेकून ढसाढसा रडला. ड्रायव्हर हात हलवत निघून गेला.

तुम्हाला वाटेल, चला, गोष्ट संपली, आनंदीआनंद झाला. कसला आनंद! संध्याकाळी चिंग-शुईच पी-युनला शोधत आला, कपाळाला आठ्या. काका म्हणत होते, लाल कागद लावून देव झाकले ते झाकले, आता असे कसे उघडायचे? कुणी मेलं नाही, तर उघडायचा विधीच नाही. मंदिरात विचारावं लागेल. "तू ते आधी का नाही सांगितलंस?" असं तो पी-युनला म्हणाला. पी-युनला! फानने केसपेपर लिहिला, त्यात "सोनोग्राफीच्या मदतीने पाणी काढले" असं होतं आणि कुणाच्या मदतीने ते नव्हतं. त्याने माफी मागितली, म्हणाला, तुमचं नाव घातलं तर परवानगी नसलेलं उपकरण वापरल्याचं निघेल, ताई, तुमच्याच भल्यासाठी. मुख्य नर्सचा निरोप आला की सोमवारी लेखी खुलासा द्यावा. योंग-छांगने रात्री तिच्यासाठी मासळीची पेज गरम करून ठेवली होती. ती दोन घास खाऊन म्हणाली, "उद्यापासून मी शिंपले विकते." तो म्हणाला, "गिऱ्हाइकं पळतील."

रविवारी सकाळी ती लवकर वर वॉर्डात गेली. खुलासा सोमवारी द्यायचाच आहे, तर आज आणखी एकदा बघून घ्यावं, पाणी परत भरतंय का. को आ-मा उशांना टेकून बसली होती. समोर पेजेचा वाडगा, वर मुळ्याचं लोणचं. तैपेईहून पहिल्या गाडीने आलेली ली-ह्वा आणि चिंग-शुई बाहेर पॅसेजमध्ये आवाज दाबून भांडत होते. तौलियूला न्यायचं की तैपेईला, की घरी. अधूनमधून आवाज दाबायचं विसरत होते.

"उठून बसलात की!" पी-युन म्हणाली. जेल लावलं, डबी टेकवली, पडद्याकडे बघू लागली. काळं कडं होतं. कालच्यापेक्षा बारीक, पण सकाळी असायला हवं होतं त्याहून जाड. भरत होतं परत.

आ-माने चमच्याने तिच्या हातावर टपकन मारलं.

"तोंड वर कर," आ-मा म्हणाली. आवाज बसका, पण धार होती. "मी इकडे आहे. त्यात नाही."

पी-युनने वर पाहिलं.

"काल सगळं ऐकत होते मी. डोळे उघडायची ताकद नव्हती, कान उघडे होते. लाल कागद लाव, फळ्या मांड. अर्ध्या तासात पोचतो म्हणे! माझ्या लग्नातही इतकी घाई केली नव्हती कुणी." तिने दम घेतला. "त्या गाढवाला सांगितलं मी सकाळी. तुझ्या बापाला पत्र्याखाली ठेवला म्हणून मी वर्षभर बोलले नाही असं वाटलं तुला? तो मेला म्हणून बोलले नाही. बोलायला तोंडच उघडत नव्हतं. तेहतीस वर्षं घेऊन बसलाय मनात. विचारायचं ना मला एकदा!"

"हो ना," पी-युन जोरात म्हणाली. तिला अगदी बरं वाटलं. "तेच मी म्हणते. या लोकांना विचारायला काय होतं!"

"तू विचारलंस?"

पी-युनने नजर परत पडद्याकडे वळवली.

"तू चांगली आहेस. बाप पण चांगला होता तुझा. पण तू डॉक्टरशी भांडलीस, माझ्या पोराशी भांडलीस, मला काय म्हणालीस सांगू? 'हलू नका, आ-मा.' पूर्ण दुपारभरात तेवढंच."

पी-युनचं तोंड उघडलं होतं. बीपी चौसष्ट होतं, अशा माणसाला काय विचारणार, कायद्याने अशा वेळी घरच्यांची सही लागते, एक मिनिटसुद्धा नव्हतं, असं सगळं ओठांवर आलं होतं. आणि त्यातलं काहीही खोटं नव्हतं. पण फानशी वाद घालायला वेळ होता. पंगतीतल्या डॉक्टरला फोन लावायला वेळ होता. शिंपलेवाल्या तिंगच्या इमानदारीवर भाषण ठोकायला वेळ होता. कानाशी वाकून दोन शब्द विचारायला किती लागला असता? तिला स्वतःचा भयंकर राग आला. कालपर्यंत सगळ्यांचा येत होता, तो बरा होता.

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?" तिने हळूच विचारलं.

"आता कशाला? तेव्हा विचारायचं." आ-माने पेजेत चमचा फिरवला.

पी-युनने डबी पुसली आणि खिशात टाकली. मोबाइल पालथा ठेवला. स्टूल ओढून आ-माच्या चेहऱ्यासमोर बसली.

"आ-मा, पाणी परत भरतंय. का भरतंय ते माहीत नाही. वाईट दुखणंही असू शकेल. तौलियूला गेलात तर ते नळी घालतील, तपासतील, आठवडाभर ठेवतील, कदाचित ऑपरेशन. कदाचित बऱ्या व्हाल. कदाचित तिथंच काही होईल. घरी गेलात तर चार दिवस, आठ दिवस, मला सांगता येणार नाही. तुम्हाला काय हवं?"

आ-माने चमचा खाली ठेवला. पी-युनला वाटलं, आता झाडणार. पण आ-माने वाडगाही बाजूला सरकवला.

"बापाने लग्न ठरवलं," ती म्हणाली. "सासूने घर चालवलं. मग नवऱ्याने. मग पोराने. मला काय हवं हे मला कुणी विचारलंच नाही गं कधी. मला येत नाही ते." तिने चादरीच्या टोकाने नाक पुसलं. "एकदम कसं सांगू? कसं ठरवतात?"

"मलाही नीट येत नाही," पी-युन म्हणाली. "सावकाश ठरवा."

"तू बसशील?"

"बसते."

दार ढकलून चिंग-शुई आत आला, मागोमाग ली-ह्वा, हातात फोन. "ठरलं," चिंग-शुई म्हणाला. "ॲम्ब्युलन्स बोलावतोय. आम्ही ठरवलंय की आईला..."

"बाहेर थांबा दोघंही," पी-युन वळूनही न बघता म्हणाली. "आ-मा ठरवतायत."